साताऱ्यात हायस्कूल शोधताय? फ्लेक्स सोडा, नववीचा पट विचारा

आम्ही साताऱ्यात आलो तेव्हा मे महिना अर्धा संपला होता, मिस्टरांची बदली अचानक झालेली, सामान अजून खोक्यात आणि मुलगी आठवीत जाणार. घरमालकीण काकूंना विचारलं शाळा कुठली चांगली तर त्यांनी एक नाव सांगितलं, समोरच्या किराणावाल्यांनी दुसरंच, रिक्षावाले दादा तिसरंच. नंतर कळलं की प्रत्येकजण आपापली शाळा सांगत होता, काकू तर १९७८ साली पास झालेल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आला की काकू त्यांना माझ्याकडेच पाठवतात, "त्या ताईंना विचारा, त्या सगळ्या शाळा फिरल्यात" म्हणून. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधीच सांगते, हे सगळं सरकारी पैशावर चालणाऱ्या हायस्कूलांबद्दल आहे, म्हणजे अनुदानित संस्थांच्या, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या. सीबीएसईवाल्या मोठ्या फीच्या शाळा हा वेगळा विषय. आणि सैनिक स्कूलचंही यात नाही. देशातली पहिली सैनिक स्कूल आपल्या साताऱ्यातली, १९६१ ची, पण तिथं सहावीला नाहीतर नववीला प्रवेश परीक्षा देऊन जायचं असतं आणि पोरं तिथंच राहतात, त्यामुळे "घराजवळची शाळा" या हिशोबात ती येत नाही.

पहिलं काम म्हणजे पाय मोकळे करा. खरंच. गुगल मॅपवर दीड किलोमीटर दिसतं ते साताऱ्यात दीड किलोमीटर नसतं, गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलंय, जाताना दहा मिनिटं आणि दप्तर घेऊन चढून येताना वीस. शाळा सुटायच्या वेळेला एकदा जाऊन बघा, पाचच्या सुमाराला पोवई नाका काय असतो आणि राजपथावर रिक्षा, टू-व्हीलर आणि सायकलवाली पोरं कशी एकमेकांत घुसलेली असतात ते बघितल्याशिवाय लांबच्या शाळेचा विचार करू नका. जून ते सप्टेंबर इथं पाऊस नुसता झोडपतो, तेव्हा रेनकोट घालून रोज कोण सोडणार हेही आत्ताच ठरवा. गोडोलीत राहून राजवाड्याकडची शाळा धरली तर चालतं, लोक करतात, पण मग सकाळची शिफ्ट आहे की दुपारची ते आधी विचारा कारण काही ठिकाणी पाचवी ते सातवी एका वेळेला आणि आठवी ते दहावी दुसऱ्या वेळेला भरते आणि दोन मुलं असली की तुमचा अख्खा दिवस सोडण्या-आणण्यातच जातो. आजूबाजूच्या गावातून येणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, एक तृतीयांश भाड्यात होतो, आणि मुलींना बारावीपर्यंत एसटीची मोफत पासची योजना आहे. शाळेतून बोनाफाईड घ्यायचं, की झालं.

मग चार-पाच शाळांची यादी करा, जास्त नको, डोकं फिरतं. नावं तुम्हाला पहिल्याच दिवशी कानावर पडतील, रयतच्या शाळा (महाराजा सयाजीराव, अण्णासाहेब कल्याणी वगैरे), डेक्कन एज्युकेशन सोसायटीची न्यू इंग्लिश स्कूल, कन्याशाळा, राजवाड्याकडची प्रतापसिंह हायस्कूल, अनंत इंग्लिश स्कूल. रयत शिक्षण संस्था म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात सुरू केलेली आणि नंतर साताऱ्यात आणलेली, त्यामुळे इथल्या माणसाला शाळेबद्दल विचारलं की तो आधी अर्धा तास संस्थेचा इतिहास सांगतो. ऐकून घ्या, अभिमान खरा आहे, पण संस्था शंभर वर्षांची असली तरी तुमच्या पोराला गणित शिकवणारे सर यंदाचेच असणार आहेत.

आता शाळेचा प्रकार. इथं नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. अनुदानित म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देतं, आठवीपर्यंत शिक्षण मोफत, पुस्तकं मोफत, दुपारी पोषण आहार. नववी-दहावीला किरकोळ सत्र फी, परीक्षा फी अशी असते आणि मुलींना तर बारावीपर्यंत फी माफ. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की शाळा अनुदानित असली तरी तिच्यातली एखादी तुकडी विनाअनुदानित असू शकते. बहुतेक वेळा ती सेमीची (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) तुकडी असते. इमारत तीच, गणवेश तोच, हेडमास्तर तेच, पण त्या तुकडीला फी वेगळी आणि शिकवायला संस्थेने स्वतःच्या पैशातून ठेवलेले शिक्षक. यात वाईट काही नाही, काही ठिकाणी तेच शिक्षक तरुण आणि मनापासून शिकवणारे असतात, पण पगार कमी म्हणून टिकत नाहीत, दिवाळीनंतर मॅडम बदलल्या असं होतं. तर ऑफिसात प्रश्न असा विचारायचा, "माझ्या मुलाला जी तुकडी मिळणार आहे ती अनुदानित आहे का?" नुसतं "शाळा अनुदानित आहे का" विचारलंत तर हो म्हणतील आणि ते खोटंही नसेल.

घरी बसून करायचं एक काम म्हणजे यूडायस, सरकारची शाळांच्या माहितीची ऑनलाइन नोंद. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या साईटवर 'नो युवर स्कूल' म्हणून आहे, तिथं शाळा शोधली की कुठल्या वर्गात किती मुलं, शिक्षक किती, व्यवस्थापन कुणाचं, स्वच्छतागृहं, लायब्ररी, कॉम्प्युटर सगळं निघतं. माहिती शाळेनेच भरलेली असते आणि एखाद्या वर्षाने मागे असते, म्हणून कॉम्प्युटर २० लिहिलेत म्हणजे २० चालू आहेत असं समजू नका. पण वर्गवार पट मात्र कामाचा असतो, तो लिहून घ्या, कारण आता त्याच्यावरच येतेय.

निकाल. साताऱ्यात जूनमध्ये फिरलात तर प्रत्येक चौकात फ्लेक्स, "उज्ज्वल निकालाची परंपरा", "सलग अमुक वर्षे शंभर टक्के", खाली तीन पोरांचे फोटो. गंमत सांगते, राधिका रोडला मी एकाच मुलीचा फोटो तीन फ्लेक्सवर बघितला, एक शाळेचा आणि दोन वेगवेगळ्या क्लासचे. तिघांनीही तिला घडवलेली. बिचारी तिन्हीकडे एकाच पासपोर्ट फोटोतून बघत होती. ९७ टक्केवाली पोरं कुठल्याही शाळेत ९५ काढतातच, त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह (सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे) असतं, शिवाय खेळाचे, चित्रकलेचे वाढीव मार्क. त्यांच्यावरून शाळा काय कळणार?

शंभर टक्के निकालाचं पण तसंच. विचारायचं हे की नववीत किती होते आणि दहावीला किती बसले. समजा गेल्या वर्षी नववीच्या पटावर १२० पोरं होती आणि यंदा दहावीचे ८५, तर मधली ३५ कुठं गेली? काही घरं खरंच बदलून जातात, पुण्या-मुंबईला जाणारी खूप असतात, काही पोरं आयटीआयच्या नाहीतर कामाच्या नादाने सुटतात. पण काही शाळांमध्ये कच्च्या पोरांना नववीतच अडवतात, किंवा पालकांना बोलवून गोड शब्दांत सांगतात, "त्याला झेपणार नाही हो, दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं, आणि त्या पोराचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरत नाहीत. झाला निकाल शंभर टक्के. बोर्ड तेच, कोल्हापूर विभाग, पेपर तेच, फक्त जे नापास होतील असं वाटलं ते आधीच बाहेर.

मी एका शाळेत हा प्रश्न विचारला (नाव नाही लिहीत) तर क्लार्कसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे ना? मग तुम्हाला काय करायचंय?" तिथनं मी उठले. दुसऱ्या एका शाळेत निकाल ९० च्या आतबाहेर होता, हेडमास्तरांनी स्वतःहून रजिस्टर पुढं ओढलं आणि सांगितलं, एवढे नववीला, एवढे दहावीला, यातली चार ऊसतोडीवाल्यांची होती ती गावी गेली, दोन मुलींची लग्नं लावली, आम्ही दोनदा घरी जाऊन आलो पण उपयोग नाही झाला. ते सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. आमची मुलगी त्या शाळेत आहे.

म्हणजे निकालाबद्दल दोन आकडे मागा, नववी-दहावीचा पट एक आणि ३५ ते ६० टक्क्यांमध्ये किती पोरं आहेत ते दुसरं. शाळेची खरी मेहनत तिथं दिसते, सहावी-सातवीत भागाकार न येणारं पोरगं दहावीला ५२ टक्क्यांनी पास केलं असेल तर त्या शिक्षकांना सलाम.

शिक्षकांचं विचारताना "शिक्षक चांगले आहेत का" विचारू नका, कोण नाही म्हणणार? विचारा की गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांना कायम शिक्षक आहेत का, का जागा रिकामी आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं संचमान्यतेवर ठरतात, म्हणजे पटावर, आणि भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, त्यामुळे एखादे सर रिटायर झाले की ती जागा लगेच भरेलच असं नसतं. मधल्या काळात घड्याळी तासिकेवर (तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन) कोणीतरी येतं, किंवा इतिहासाच्या मॅडम इंग्रजी घेतात. यंदा कोणी रिटायर होतंय का हेही विचारा, संकोच करू नका, शिपाईमामांना विचारलं तर ते तारखेसकट सांगतात. शिपाईमामा हा एकूणच फार कामाचा माणूस, चहा पाजा.

सेमीचं खूळ इथंही जोरात आहे. सेमी म्हणजे काय ते वर आलंच, पण कुठल्या इयत्तेपासून ते शाळेशाळेत वेगळं, तुमचं मूल पूर्ण मराठीतून आलं असेल आणि थेट आठवीत सेमीला टाकलं तर पहिली सहामाही रडारड असते, तयारी ठेवा. आणि सेमी खरं चाललंय का नावाला, ते बघायला एकच उपाय, त्या शाळेतल्या कुठल्याही पोराची विज्ञानाची वही बघायची. आमच्या शेजारच्या मुलीची (ती वेगळ्या शाळेत आहे) वही मी बघितली. इंग्रजीत व्याख्या, सुंदर अक्षर, खाली लाल पेनाने टिक. पुढचं पान, टिक. त्याच्या पुढच्या पानावर तिने व्याख्येखाली पेन्सिलीने मराठीत बारीक लिहिलं होतं, "हे कळालं नाही." त्याच्यावरही टिक होती.

तेवढ्यासाठी वही बघा म्हणते. टिक बघू नका, टिकेच्या बाजूला शिक्षकांनी दोन शब्द लिहिलेत का, चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त केलंय का ते बघा. त्या शाळेत जाणारी पोरं शोधणं काय अवघड नाही, संध्याकाळी गल्लीत क्रिकेट चालू असतंच.

भाषेचंही एक. तिसऱ्या भाषेला आठवीपासून पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत का अर्धं-अर्धं संयुक्त असे पर्याय असतात पण प्रत्येक शाळेत सगळे नसतात, आणि आधीच्या शाळेत संस्कृत असलेलं मूल इथं हिंदीच्या वर्गात बसलं की वैतागतं. परराज्यातून आला असाल तर मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, २०२० चा कायदा आहे, त्यामुळे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका, पोरं सहा महिन्यात शिकतात. सातारी शिव्या तर पंधरा दिवसात.

शाळेत प्रत्यक्ष जाल तेव्हा शक्यतो चालू दिवशी जा, सुट्टीत नको. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. कुलूप उघडायला किल्ली शोधावी लागली, की समजा. बायकांनी एक करा, मुलींचं स्वच्छतागृह वापरायला मागा. बघायला नाही, वापरायला. पाणी येतंय का, कडी लागते का, कचऱ्याचा डबा आहे का. आठवी-नववीच्या मुली पाणी न पिता सहा तास काढतात कारण शाळेत स्वच्छतागृहाची सोय धड नसते, आणि घरी कोणी बोलत नाही. या एका गोष्टीवरून मी एक नावाजलेली शाळा यादीतून काढली होती.

बाकी मैदान, एनसीसी, स्काऊट, वार्षिक सहल, याचं आपापल्या पोराप्रमाणे बघा.

स्पर्धा परीक्षांमध्ये मात्र दोन गोष्टी विचाराच. एक स्कॉलरशिप, तिची इयत्ता सरकार बदलत असतं म्हणून यंदा कुठल्या वर्गाला आहे ते शाळेतच विचारा. दुसरी एनएमएमएस, केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, ही लोकांना माहीतच नसते. आठवीत परीक्षा, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत पाहिजे, विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला बसता येत नाही. शाळेला विचारा गेल्या वर्षी किती बसवले आणि किती लागले. जी शाळा यासाठी जादा तास घेते ती एरवीही पोरांकडे लक्ष देते असा माझा अनुभव. तसंच चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं केंद्र किंवा निदान तयारी आहे का बघा, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क वाढतात, चित्रकलेचे सर असलेली शाळा आता शोधावी लागते हे वेगळं.

शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज आहे का हे सातवी-आठवीत कोण विचारणार असं वाटतं, पण अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत आणि त्यात इनहाऊस कोटा (त्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा) असतो, त्यामुळे मनात नोंद ठेवा. नुसती नोंद, त्यावरून शाळा ठरवू नका.

क्लास. काही शाळांमध्ये पालक सहज सांगतील, "त्याच सरांचा क्लास लावा, मग काळजी नाही." शिक्षण हक्क कायद्यात शाळेच्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, कलम २८. भांडायला जा असं नाही म्हणत मी, पण ज्या शाळेत अर्धा वर्ग त्याच सरांकडे संध्याकाळी जातो तिथं सकाळी वर्गात काय शिकवत असतील याचा विचार करा.

आता प्रवेश. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायची नाही, पालकांची मुलाखत नाही, आणि देणगी नाही, कॅपिटेशन घेतली तर दहापट दंडाची तरतूद आहे. "ऐच्छिक" देणगी मागितली तर हसून म्हणायचं, पावती द्या, कशासाठी ते पावतीवर लिहा. निम्म्या वेळा ऐच्छिक तिथंच संपतं. नाहीच ऐकलं तर जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी बसतात, लेखी अर्ज द्यायचा आणि एका कॉपीवर पोच शिक्का घ्यायचा. तोंडी गेलात तर साहेब मीटिंगला असतात.

कागद म्हणजे आधीच्या शाळेचा दाखला, प्रगतीपुस्तक, आधार, जन्मदाखला, असेल तर जातीचा दाखला, फोटो, बँक पासबुकची झेरॉक्स. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढूनच घराबाहेर पडा. मुलाचा सरकारच्या सरल पोर्टलवरचा आयडी आणि पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) जुन्या शाळेतून लिहून आणा, कारण जुनी शाळा ऑनलाइन सोडत नाही तोपर्यंत नवीन शाळेत नाव चढत नाही आणि दोन्हीकडचे क्लार्क एकमेकांचं नाव सांगत बसतात. जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही हेही कायद्यातच आहे. परराज्यातून येणाऱ्यांना दाखल्यावर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्याची काउंटर सही मागतात, ती तिथून निघतानाच घ्या, परत सातशे किलोमीटर जावं लागलेले एक कुटुंब आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे. आणि दहावीत शाळा बदलायची वेळ येऊ देऊ नका, बदलायची तर आठवीत, फार तर नववीच्या सुरुवातीला.

सगळ्यात शेवटी जनरल रजिस्टर. प्रवेश झाला, पेढे वाटले (इथं कंदी पेढेच वाटायचे, दुसरं काही चालत नाही), की लोक निघून जातात. तसं करू नका. क्लार्क रजिस्टरला नोंद करतील तेव्हा समोर उभे राहा आणि मुलाचं पूर्ण नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, आधीची शाळा, एकेक ओळ वाचा. दहावीचं सर्टिफिकेट यावरूनच होतं, जात पडताळणीला हीच नोंद मागतात, आणि दहावीनंतर एक वेलांटी बदलायची तर किती हेलपाटे ते भोगलेल्यालाच माहीत. या गावात तर हे सांगायची गरज पडू नये, ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या हायस्कूलच्या (आताची प्रतापसिंह हायस्कूल) रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला "भिवा रामजी आंबेडकर" अशी बाबासाहेबांची नोंद झाली ती आजही जपून ठेवलीये, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

आमच्या मुलीच्या नोंदीत माझं नाव चुकलं होतं, 'सुनीता'चं 'सुनंदा' झालेलं. मी दाखवल्यावर क्लार्कभाऊ म्हणाले, "राहू दे ना ताई, नंतर करू." मी म्हटलं नाही, आत्ताच, मी बसते. बसले. वीस मिनिटांनी त्यांनी लाल शाईने दुरुस्त केलं, बाजूला हेडमास्तरांची सही घेतली, आणि मला त्या पानाचा फोटो काढू दिला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.